सांगून मोडलेली आज्ञा

बाईंशी बोलायला बसलं की आपला हात आपला राहायचा नाही. त्या आधी समोरच्याचं मनगट धरायच्या, दोन बोटं नाडीवर ठेवायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, सांग." पाणी वाया घालवलं म्हणून झापायचं असो की नुसत्या हवापाण्याच्या गप्पा असोत, मनगट त्यांच्या ताब्यात. मध्येच माझं बोलणं तोडायच्या, "धावतंय. काय लपवतेस?" मी बहुतेक वेळा काहीच लपवत नसायचे, पण हे ऐकलं की नाडी खरंच धावायला लागायची.

दौंडला त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी बरीच वर्षं राहिले. कुरकुंभच्या एका कंपनीत लॅबमध्ये नोकरी होती. माझं गाव शिरूर तालुक्यातलं निमोणं. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती, वडील एका जागी स्थिरावले, ऊस लावला, आणि मी रसायनशास्त्र शिकले. ख्रिस्ती माणूस जवळून पाहिला तो बाईंच्या रूपानंच. खोली बघायला आई सोबत आली होती. तिनं जाता जाता विचारलं, "तुमच्यात देवाला निवद काय दावत्यात?" बाईंनी आईचं मनगट धरलेलंच होतं. म्हणाल्या, "आमच्यात उलटं आहे. देव आम्हाला जेवायला घालतो." आईला ते इतकं आवडलं की खोली तिथंच पक्की झाली.

हे जेवण म्हणजे प्रभुभोजन. चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी सगळे पुढं जाऊन मेजाजवळ गुडघे टेकतात आणि पाळक त्यांना भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट देतात. मला आधी वाटायचं, एक छोटा विधी आहे. बाईंसाठी तो आठवड्याचा कणा होता. ज्या रविवारी प्रभुभोजन असेल त्याच्या आदल्या दिवशी त्या कुणाशी भांडण झालं असेल तर त्याच्या दारात जाऊन मिटवून यायच्या. मिटवतानाही झापायच्या, ते वेगळं.

साऱ्या आयुष्यात त्यांनी एकच काम केलं, मिशनच्या दवाखान्यात नर्स. मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. सगळं दौंड त्यांना मेट्रनबाई म्हणायचं, आणि गल्ली त्यांना वचकून असायची. खांबावर चढलेल्या वायरमनला त्या खालून पाय नीट टेकवायला लावायच्या. भाजीवाल्याच्या खोकल्याला हातगाडी थांबवून औषध सांगायच्या आणि दुसऱ्या दिवशी घेतलं की नाही याची तपासणी करायच्या. पण चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला की ह्याच बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहायच्या. घरात दुसरं कुणी नसताना, फोनवर, उभ्या. "हो साहेब, बरं साहेब," एवढंच.

पाळकसाहेब तेव्हा पन्नाशीचे असतील. आवाज मोठा, राग त्याहून मोठा. आजाऱ्याकडे प्रार्थनेला बोलावलं तर कधी यायचे, कधी विसरायचे. उपदेश करता करता समोर बसलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याला टाकून बोलायचे. मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, त्यांच्याबद्दल पाठीमागं कुणी बरं बोलत नसे आणि समोर कुणी वाईट बोलत नसे. बाई समोरही बोलत नसत आणि मागंही नाही.

एकदा मी विचारलं, साहेब वागतात ते तुम्हाला पटतं का. त्या म्हणाल्या, नाही. मग ऐकता कशाला, असं विचारल्यावर त्यांनी मला दवाखान्यातलं सांगितलं. वॉर्डात डॉक्टर तापट असतो, कधी चुकतोही. पण प्रत्येक नर्स आपापलं खरं करायला लागली की पेशंट मरतो. माझं एवढ्यानं समाधान झालं नाही हे त्यांना नाडीवरून कळलं असावं. म्हणाल्या, "चांगल्या माणसाचं ऐकायला श्रद्धा कशाला लागते? ते कुणीही ऐकतं."

हे वाक्य मी तेव्हा मनात ठेवून दिलं. खोटं ठरवायला मला जागा सापडत नव्हती आणि खरं मानवतही नव्हतं.

मग पेटीवाल्या मुलीचं झालं. चर्चमध्ये गीतांना पेटी वाजवणारी एक कॉलेजातली मुलगी होती. तिच्या आईनं मंडळीच्या बैठकीत साहेबांना तोंडावर विचारलं, माझे सासरे पंधरवडाभर अंथरुणाला खिळून होते, तुम्ही एकदाही का आला नाहीत? पुढच्या रविवारच्या आधी साहेबांनी बाईंना फोन करून सांगितलं, त्या मुलीला पेटीवर बसू द्यायचं नाही, तुम्ही जाऊन कळवा. बाई गेल्या. मी स्कूटीवरून नेलं होतं म्हणून मला ते बघावं लागलं. मुलगी दारातच उभी होती. बाईंनी निरोप सांगितला, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मुलीनं विचारलं, "बाई, माझं काय चुकलं?" बाई म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नाही." मुलगी म्हणाली, "मग तुम्ही का आलात?"

बाई वळून स्कूटीवर येऊन बसल्या. घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाक केला, माझं ताट वाढलं आणि स्वतः जेवल्या नाहीत. त्या मुलीनं चर्चला येणं बंद केलं. पुढं बरेच महिने पेटीशिवाय गाणी झाली आणि बाई, ज्यांचा सूर कधीच जागेवर नसायचा, त्या सगळ्यात मोठ्यानं गात राहिल्या. मी त्यांना लागेल असं एकदा बोललेही, की वॉर्डातला हा पेशंट तर तुमच्या हातानं गेला. त्या फक्त म्हणाल्या, "माहीत आहे मला."

ख्रिस्ती दफनभूमीची चावी बाईंकडे असायची. गावाबाहेरच्या त्या जागेत त्यांनी कडुनिंब आणि कण्हेर लावली होती, शेळ्या आत येऊ नयेत म्हणून कुंपण नीट करून घेतलं होतं. आठवड्यातून एकदा जाऊन पालापाचोळा काढायच्या. मलाही फावडं देऊन कामाला लावायच्या.

आमच्याच गल्लीत रूथमावशी राहायच्या. नवरा रेल्वेत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्याच दफनभूमीत त्याची कबर होती. एकुलता एक मुलगा प्रकाश शिक्रापूरला कंपनीत कामाला होता, तिथंच खोली घेऊन राहायचा. शिक्रापुरात चर्च नव्हतं. कामगारांपैकी काही जण एका हॉलमध्ये रविवारी प्रार्थनेला जमायचे, एक तरुण प्रचारक ती सभा चालवायचा, सगळे त्याला ब्रदर म्हणायचे. प्रकाश तिथं जायला लागला, आणि त्या लोकांच्या पद्धतीप्रमाणे त्यानं पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. लहानपणी दौंडच्या चर्चमध्ये झालेला बाप्तिस्मा म्हणजे काहीच नाही, असा त्याचा अर्थ होत होता. साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी भर उपासनेत सांगितलं की प्रकाश आता आपल्या मंडळीचा नाही. रूथमावशी पहिल्या बाकावर बसलेल्या होत्या.

त्यानंतरच्या मे महिन्यात, पाळी संपवून रस्ता ओलांडताना शिक्रापूरच्या चौकात एका ट्रेलरनं प्रकाशला उडवलं.

शवविच्छेदन होऊन गाडी दौंडला पोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. माती त्याच दिवशी द्यायला हवी होती, ते सगळ्यांना दिसत होतं. गाडी सरळ दफनभूमीच्या फाटकाशी नेली आणि फाटकाला कुलूप. बाई चावी घेऊन निघणार तोच फोन वाजला. त्या उभ्या राहिल्या. पलीकडचा आवाज मला जिन्यात ऐकू येत होता. ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांनी जागाही द्यावी, कुलूप उघडायचं नाही, असं साहेब सांगत होते.

बाई या वेळी "हो साहेब" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मी येते बंगल्यावर."

पाळकसाहेबांचा बंगला चर्चच्या आवारातच होता. मी फाटकाशी थांबते म्हटलं तर बाईंनी मला आत नेलं. पायरी चढताना त्यांनी स्वतःच्याच मनगटावर बोटं ठेवली, क्षणभर थांबल्या आणि मग दार वाजवलं. साहेब जेवून उठले होते. बाईंनी विनंती केली. आईकडे बघा म्हणाल्या. बापाच्या शेजारी जागा आहे म्हणाल्या. ऊन केवढं आहे ते बघा म्हणाल्या. प्रत्येक विनंतीला साहेबांचा आवाज चढत गेला. असं एकाला दिलं तर उद्या निम्मी मंडळी हॉलमध्ये जाईल आणि मरायला इथं येईल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ते म्हणाले, "चावी घेऊन घरी जा आणि दार लावून बसा. ही माझी आज्ञा समजा."

बाईंनी चावी मुठीत धरली. त्यांचा आवाज चढला नाही, उलट नेहमीपेक्षा खाली गेला.

"साहेब, मी आजवर तुमची एकही आज्ञा मोडली नाही. ही मोडणार आहे. मागून करणं मला जमत नाही म्हणून आधी सांगायला आले."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. इतकं सरळ त्यांच्याशी कुणी बोललं नसावं. ते म्हणाले, "मग मेजाजवळ यायचं नाही. मी सांगेपर्यंत तुम्हाला प्रभुभोजन बंद."

मला वाटलं आता बाई काहीतरी सुनावतील. मीच काहीतरी बोलणार होते. बाईंनी मान डोलावली.

"ते पाळीन," म्हणाल्या, आणि आम्ही निघालो.

फाटकाशी गाडीचा चालक घाई करत होता. रूथमावशी गाडीला पाठ टेकून खाली बसल्या होत्या, रडत नव्हत्या. मंडळीतली चार माणसं लांब, रस्त्याच्या पलीकडच्या सावलीत उभी होती. यायचंही होतं आणि दिसायचं नव्हतं, अशी. बाईंनी कुलूप काढलं. नेहमी खड्डा घेणारा माणूस म्हणाला, साहेबांनी सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही. बाईंनी त्याला एका शब्दानं दुखावलं नाही. टिकाव आणि फावडं तेवढं मागून घेतलं आणि रूथमावशींच्या नवऱ्याच्या कबरीशेजारची जागा पायानं आखली.

प्रकाशबरोबर काम करणारी पोरं शिक्रापूरहून आली होती, त्यातली बरीच बिहारकडची. त्यांच्यातला एक पुढं झाला. "माताजी, कितना गहरा?" बाईंनी हात छातीशी लावून दाखवला. वरची माती गेल्यावर कडक मुरूम लागला. टिकावाचे घाव वाजत राहिले आणि प्रत्येक घावाला मी रस्त्याकडे बघत होते, साहेब माणसं घेऊन येतात की काय म्हणून. चर्चच्या कमिटीतले दोघे मोटरसायकलवर आले, फाटकात उभे राहिले. एकानं बाईंना सांगितलं, परिणाम वाईट होतील. बाई म्हणाल्या, "परिणाम सांगून झालेत मला. तुम्ही आत येणार असाल तर या, नाहीतर वाट मोकळी सोडा." ते आत आले नाहीत, पण फाटकातून बाजूला झाले.

दफनविधी हॉलवाल्या ब्रदरनं चालवला. तरुण, गोरागोमटा, पांढऱ्या मोटारीतून आलेला. आधी बरं बोलला. मग त्याचा आवाज वर गेला आणि तो म्हणायला लागला की बघा, ज्या चर्चला आपल्या लेकराला माती देता येत नाही ते चर्च मेलेलं आहे, आणि तिथला पाळक...

"ब्रदर," बाईंनी मध्येच थांबवलं. "इथं पाळकसाहेबांविरुद्ध एक शब्द नको. पोरगा मातीत चाललाय, त्याचं बोला."

सगळे बाईंकडे बघायला लागले. मीही. ज्या माणसानं तासाभरापूर्वी त्यांना मेजापासून तोडलं होतं, त्याच्यासाठी त्या भर उन्हात एका परक्या प्रचारकाशी वाद घालत होत्या. ब्रदरनं नाराजीनं प्रार्थना आटोपली. माती लोटताना रूथमावशींनी पहिली मूठ टाकली, दुसरी बाईंनी. रस्त्यापलीकडची चार माणसं तोवर कधीतरी आत येऊन उभी राहिली होती.

पुढच्या रविवारी बाई नेहमीसारखी पांढरी साडी नेसून चर्चला निघाल्या. मी म्हटलं, मी पण येते. त्यांची नेहमीची जागा दुसऱ्या बाकावर होती. त्या शेवटच्या बाकावर बसल्या. प्रभुभोजनाची वेळ आली तशी माणसं एकेका ओळीनं उठून पुढं जायला लागली. शेवटी सबंध चर्चमध्ये आम्ही दोघीच बसून उरलो. मी हिंदू म्हणून, आणि त्या आपल्या साहेबांची शिक्षा पाळत. परत येणारी माणसं आमच्याकडे न बघता जागेवर जात होती. बाईंचे हात मांडीवर उताणे पडलेले होते. त्या हातांकडे बघून मला इतका राग आला की मी पुन्हा बरेच महिने चर्चला गेले नाही.

लोकांनी त्यांना बरेच मार्ग सांगितले. बिशपांकडे तक्रार करू, आम्ही सगळे मागं उभे राहतो. पुण्याच्या एखाद्या चर्चमध्ये जाऊन प्रभुभोजन घ्या, तिथं कोण ओळखतं. शिक्रापूरच्या हॉलनं तर मोटार पाठवायची तयारी दाखवली. बाईंनी सगळ्यांना चहा दिला, मनगटं धरली आणि नाही म्हणाल्या. तक्रार करायची त्यांनी खुशाल करावी, पण माझ्यासाठी म्हणून नको, असं म्हणाल्या. मग कुणीच केली नाही. राग बाईंच्या नावावर काढायची सगळ्यांना सवय झाली होती, स्वतःच्या नावावर काढायची वेळ आली तसे सगळे थंडावले.

मी मात्र त्यांच्याशी भांडले. त्या दळण निवडत होत्या. मी म्हटलं, "तुमचं चुकलं होतं का?"

"नाही."

"मग शिक्षा कसली भोगताय?"

"शिक्षा द्यायचा अधिकार त्यांचा आहे. माझ्या मनाला पटतं तेवढंच पाळलं, तर मी फक्त मलाच पाळते. त्याला मंडळी कशाला हवी?"

"आणि ते पुन्हा चुकीचं सांगतील तेव्हा?"

"पुन्हा मोडीन. सांगून मोडीन." मग जरा वेळानं म्हणाल्या, "पेटीच्या वेळीच मोडायला हवं होतं."

त्यांना खरं सुनावलं ते रूथमावशींनी. एकदा अंगणात बसल्या असताना त्या सरळ म्हणाल्या, "तू माझ्या लेकराला माती दिलीस, ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. पण तू गप्प बसून शिक्षा भोगतेस ना, त्यानं त्या माणसाचं बळ वाढतं. लोक म्हणतात, मेट्रनबाई ऐकतात तर आपण कोण." बाईंनी त्या दिवशी रूथमावशींचं मनगट धरलं नाही. रूथमावशींचं बरोबर होतं. साहेबांनी नंतर आणखी एका घराचं लग्न अडवलं, आणि बाईंनी बंगल्यावर जाऊन त्यांना सांगितलं की हे चूक आहे, मी त्या लग्नाला जाणार. गेल्याही. पण बाकीचं चर्च गेलं नाही.

असं चार-पाच वर्षं चाललं. साहेब निवृत्त होऊन मुलीकडे शिरूरला राहायला गेले. निरोपसमारंभात त्यांनी सगळ्यांचे हात हातात घेतले, बाईंचेही, आणि त्या गोष्टीबद्दल काही बोलले नाहीत. त्यांच्या जागी एक तरुण पाळक आले. त्यांना सगळं कळलं तेव्हा ते स्वतः घरी आले. बाई उभ्या राहिल्या. ते म्हणाले, "बाई, येत्या रविवारी पुढं या." बाई म्हणाल्या, ज्यांनी बंद केलं त्यांनीच उघडावं. तो मुलगा हुशार होता. म्हणाला, "तुम्ही माणसाला मानत नाही, पदाला मानता ना? पदावर आता मी आहे. मी सांगतो, या."

इतक्या वर्षांत मी बाईंना असं अडकलेलं पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "पदाचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. पण माझं त्या माणसाशी राहिलंय."

मला तेव्हा कळलं की त्यांनी आजवर मला जे शिकवलं ते त्यांचं अर्धंच होतं. उरलेलं अर्धं त्यांनाही त्याच क्षणी कळलं असावं.

मी जुनी मोटार घेतली होती. एका शनिवारी सकाळी आम्ही शिरूरला निघालो. वाट थोडी वाकडी करून निमोण्याला आईकडे चहाला थांबलो. आईनं कुठं निघालात विचारलं, मी सांगितलं. आई कपातला चहा तसाच ठेवून बाईंकडे बघत राहिली.

"म्हंजी चूक त्येची, आन् जायचं तुम्ही व्हय?"

"हो."

"त्यो कवा येनार मग?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तेच बघायला चालले."

शिरूरला साहेब मुलीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. अंगावर साधा सदरा, केस पांढरे झालेले. बाईंना बघून त्यांना खराच आनंद झाला. मुलीला चहा टाकायला सांगितला. दौंडच्या एकेकाची चौकशी केली. बाईंनी चहा येईपर्यंत वाट पाहिली आणि मग म्हणाल्या, "साहेब, तुम्ही मला मेजापासून लांब ठेवलंय. तुम्ही सांगेपर्यंत म्हणाला होतात. ते तुमच्या तोंडून ऐकायला आले."

साहेब गोंधळले. मग त्यांना आठवलं, आणि ते हसले. "अहो, ते? ते मी रागात बोललो असेन. चार रविवार जाऊ देऊन यायचं की तुम्ही. अजून गेला नाहीत?"

मी कप खाली ठेवला. इतकी वर्षं, शेवटचा बाक, ते मांडीवर उताणे हात, आणि ह्या माणसाच्या ते ध्यानातही नव्हतं. मला उठून जावंसं वाटत होतं. बाई मात्र त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, एखाद्या पेशंटकडे बघावं तसं.

"माझं विसरलात, चालेल," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी फाटकाशी गाडी उन्हात उभी होती, ते विसरलात का?"

साहेबांचं हसू गेलं. ते बाल्कनीकडे बघायला लागले.

"नाही," शेवटी म्हणाले. "ते नाही विसरलो." मग हळूहळू त्यांनी सांगितलं. कमिटीतल्या एका वजनदार माणसाचा निरोप होता, ह्या हॉलवाल्यांना एकदा धडा शिकवा, नाहीतर तुमची बदली लांब कुठंतरी होईल. धाकट्या मुलीची बारावी होती. "तुम्ही माझं ऐकत होतात, बाई. मीही कुणाचंतरी ऐकतच होतो."

"मग तुम्हीही सांगून मोडायचं होतं."

बाई एवढंच म्हणाल्या. साहेबांनी हात जोडले, म्हणाले, मी तुमची शिक्षा काढतो, ती मी घालायलाच नको होती. माझ्यासाठी प्रार्थना करा.

"करते," बाई म्हणाल्या. "पण आधी रूथकडे चला."

"आत्ता?"

"गाडी खाली उभी आहे."

साहेब आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आत मुलीचा चढलेला आवाज ऐकू येत होता, बाबा, आता कशाला उकरून काढताय. मला वाटलं, ते आता येत नाहीत. मग साहेब चपला घालून बाहेर आले आणि आमच्या आधी जिना उतरायला लागले.

दौंडला आल्यावर गाडी सरळ आमच्या गल्लीत घेतली. रूथमावशींनी दार उघडलं, बाईंकडे पाहिलं, मग साहेबांकडे. उंबऱ्यातून बाजूला झाल्या नाहीत. साहेबांनी उन्हात उभं राहून जे सांगायचं ते सांगितलं. निरोप कुणाचा होता ते नाही सांगितलं, भीती आपली होती तेवढं सांगितलं. रूथमावशींनी सगळं ऐकून घेतलं. "ऐकलं मी," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. जोरात नाही.

साहेबांना मी स्टँडवर सोडलं. त्यांना शिरूरपर्यंत नेते म्हटलं तर नको म्हणाले, एसटीनं जातो.

दुसऱ्या दिवशी बाई प्रभुभोजनाला पुढं गेल्या. मी शेवटच्या बाकावर एकटी बसले होते. रूथमावशी त्या रविवारी आल्याच नव्हत्या. परत येताना मी बाईंना विचारलं, मावशी साहेबांना माफ करतील का, आणि तुम्ही मावशींना जरा सांगाल का, तुमचं त्या ऐकतात.

बाई चालता चालता थांबल्या.

"ते तिचं आहे," म्हणाल्या. "तिथं कुणाची आज्ञा चालत नाही. माझीही नाही."